सातबाऱ्याचे संगणकीकरण : बदलते अग्रक्रम आणि परिचालनाचा प्रश्न

बीजसंज्ञा : ई-शासन, भूमी अभिलेख, परिचालन, देखभाल, अग्रक्रम

प्रास्ताविक

शासनव्यवहारातील माहिती तंत्रज्ञानाविषयी आपल्याकडे जे लेखन होते, त्यात एक ठरलेला क्रम आढळतो. प्रथम संगणकीकरण, मग जाळे, मग सेवा केंद्रे, त्यानंतर पोर्टल, भ्रमणध्वनीवरील ॲप, क्लाउड आणि आता कृत्रिम बुद्धिमत्ता अशा पायऱ्या मांडल्या जातात व प्रत्येक पायरी ही आधीच्या पायरीवरची प्रगती मानली जाते. पाठ्यपुस्तके, शासकीय धोरणपत्रे आणि चर्चासत्रांतील निबंध हे तिन्ही याच क्रमाने चालतात. या क्रमातील एकही पायरी खोटी नाही. परंतु जे उभारले ते उद्घाटनानंतर कसे चालले, कोणी चालवले आणि कोणत्या पैशातून चालवले, हा प्रश्न या मांडणीत विचारलाच जात नाही.

या प्रश्नालाच प्रस्तुत लेखात ‘परिचालन’ असे म्हटले आहे. नोंदींची दुरुस्ती, प्रती राखून ठेवणे, वीज व जोडणी टिकवणे, परवान्यांचे नूतनीकरण, यंत्रे जुनी झाल्यावर बदलणे, हाताळणाऱ्या माणसाचे प्रशिक्षण आणि त्याची बदली झाल्यावर दुसऱ्याचे प्रशिक्षण, ही सारी कामे परिचालनात येतात. ही कामे दिसत नाहीत व त्यांची कोनशिला बसवता येत नाही. शासनाचे तंत्रज्ञानविषयक अग्रक्रम बदलत गेले ते बहुतांशी ज्याचे उद्घाटन होऊ शकते त्याच्या क्रमाने बदलले आणि प्रत्येक बदलात मागच्या टप्प्याचे अपुरे परिचालन पुढच्या टप्प्याच्या माथी आले, असे या लेखाचे प्रतिपादन आहे. ते पडताळून पाहण्यासाठी महाराष्ट्रातील सातबारा हे उदाहरण घेतले आहे. सातबारा सर्वांना परिचित आहे, त्याचा संगणकीय इतिहास सुमारे साडेतीन दशकांचा आहे आणि त्यातील एका चुकीच्या अक्षराने माणसाचे पीककर्ज अडू शकते.

साठा आणि प्रवाह

राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची स्थापना १९७६ साली झाली व ऐंशीच्या दशकात उपग्रहाच्या साहाय्याने जिल्हा मुख्यालये दिल्लीशी जोडली जाऊ लागली. त्या काळातील अग्रक्रम हा नियोजनासाठी आकडेवारी गोळा करण्याचा होता. माहिती खालून वर जात असे. नागरिक तिचा विषय होता, ग्राहक नव्हता. याच वातावरणात १९८८-८९ मध्ये भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्रपुरस्कृत योजना आठ राज्यांतील प्रत्येकी एका जिल्ह्यात प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली. महाराष्ट्रातून वर्धा जिल्ह्याची निवड झाली होती.

सातबारा हा दोन नमुन्यांचा संयोग आहे. गाव नमुना सात हे अधिकार अभिलेख पत्रक आणि गाव नमुना बारा ही पिकांची नोंदवही. पहिला वारसा, खरेदी, वाटणी, बोजा यांनी बदलतो. दुसरा दर हंगामात बदलतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५० नुसार फेरफार नोंदवहीत नोंद होते, हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीची मुदत संपते आणि मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. कलम १५७ नुसार अशी प्रमाणित नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. म्हणजे सातबारा हा कपाटात ठेवलेला दस्तऐवज नाही, तो सतत वाहणारा व्यवहार आहे.

संगणकीकरणाच्या पहिल्या टप्प्यात हे लक्षात घेतले गेले नाही. योजनेने सातबाऱ्याकडे साठा म्हणून पाहिले. इतके उतारे, इतके गट क्रमांक, इतकी खाती. ती एकदा संगणकात भरली की काम झाले. नोंदी भरण्याचे काम कंत्राटावर देता येते, त्याची मोजदाद होते आणि प्रगती अहवालात टक्केवारी लिहिता येते. परंतु नोंदी भरल्या जात असतानाच गावात फेरफार होत होते. वही पुढे जात होती आणि संगणक मागे राहत होता. भरलेली नोंद मूळ वहीशी ताडून कोणी पाहायची व तफावत आढळल्यास कोणी दुरुस्त करायची, याला त्या टप्प्याच्या आर्थिक तरतुदीत स्पष्ट जागा नव्हती.

याच काळात शेजारच्या कर्नाटकाने ‘भूमी’ प्रकल्पात वेगळा मार्ग धरला. सुमारे दोन कोटी अभिलेख आणि ६७ लाख शेतकरी एवढा त्याचा विस्तार होता. भूमीची कीर्ती पंधरा रुपयांत खिडकीवर मिळणाऱ्या उताऱ्यामुळे झाली. तथापि त्यातील अधिक विचारपूर्वक भाग पडद्यामागचा होता. ज्या तालुक्यात प्रणाली सुरू झाली तेथे हस्तलिखित उताऱ्याची वैधता संपवली गेली, चालकाची ओळख बोटांच्या ठशांनी पटवली जाऊ लागली आणि फेरफाराचे अर्ज आले त्याच क्रमाने निकाली काढण्याचे बंधन प्रणालीतच घातले गेले. हे तिन्ही निर्णय परिचालनाचे आहेत. अर्थात भूमीचीही दुसरी बाजू आहे. सॉलोमन बेंजामिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली केलेल्या अभ्यासात असे दाखवले की, अधिकार गावातून तालुक्यात एकवटल्याने बंगळुरूच्या परिघावरील मोठ्या जमीन व्यवहारांना हे केंद्रीकरण सोयीचे ठरले आणि लाचेचे स्थान बदलले, लाच गेली नाही. नोंद उत्तम चालली म्हणून ती न्याय्य ठरत नाही, हा आक्षेप गंभीर आहे व तो मान्य केला पाहिजे. मात्र नोंद चालतच नसेल तर न्यायाचा प्रश्न विचारण्याइतकाही पाया उरत नाही.

अक्षरांचा प्रश्न

मराठीतील अभिलेखांना आणखी एक अडचण होती व तिची चर्चा ई-शासनविषयक इंग्रजी लेखनात क्वचितच येते. देवनागरी मजकूर संगणकात कोणत्या संकेतावलीने साठवायचा, हे दीर्घकाळ एकसारखे ठरलेले नव्हते. इस्की हे भारतीय मानक १९९१ साली आले. सी-डॅकच्या जिस्ट तंत्रज्ञानाने प्रादेशिक भाषांत काम करणे शक्य केले, हे ऋण मोठे आहे. तथापि प्रत्यक्ष कार्यालयांत निरनिराळ्या फाँटची निरनिराळी सॉफ्टवेअर नांदत राहिली. एका टेबलावर टंकलेले पत्र दुसऱ्या टेबलावर उघडले की त्याची चिन्हे होत. महाविद्यालयांतील आपल्यापैकी अनेकांनी स्वतःच्या प्रश्नपत्रिकांच्या बाबतीत हा अनुभव घेतला आहे.

केंद्र शासनाने ई-शासनासाठी युनिकोड हे मानक २००९ साली अधिसूचित केले. भूमी अभिलेखांची प्रायोगिक योजना सुरू होऊन तोवर दोन दशके लोटली होती. मानक आधी आणि नोंदी नंतर, हा स्वाभाविक क्रम येथे उलटा झाला. पत्रातील जोडाक्षर तुटले तर वाचणारा अर्थ लावून घेतो. नावातील जोडाक्षर तुटले तर ते दुसऱ्याच माणसाचे नाव होते, आणि बँकेच्या दृष्टीने ‘कृष्णा’ व ‘क्रिष्णा’ हे दोन कर्जदार असतात. मानकाचा प्रश्न हा वरकरणी तांत्रिक वाटतो. प्रत्यक्षात तो मालमत्तेच्या हक्काचा प्रश्न आहे.

जाळे, केंद्र आणि सहावे वर्ष

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अग्रक्रम नोंदींवरून सेवेकडे वळला. महाराष्ट्रात दस्त नोंदणीसाठी ‘सरिता’ ही प्रणाली २००२ साली आली. तहसील कार्यालयांच्या आवारात ‘सेतू’ केंद्रे दिसू लागली आणि कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेचा ई-शासन प्रयोग इतर नगरपालिकांसाठी आदर्श म्हणून सांगितला जाऊ लागला. केंद्राने मे २००६ मध्ये राष्ट्रीय ई-शासन योजनेस मान्यता दिली. तीत २७ मिशन मोड प्रकल्प होते व त्यांच्या पायाशी तीन आधार कल्पिले होते : राज्यव्यापी जाळी, राज्य डेटा सेंटर आणि एक लाख सामाईक सेवा केंद्रे.

या योजनेचे कौतुक करण्याजोगे पुष्कळ आहे. प्रत्येक खात्याने आपापला सर्व्हर आपापल्या खोलीत ठेवण्याऐवजी सामाईक पायाभूत सुविधा असावी, ही दृष्टी योग्यच होती. तथापि तिच्या वित्तीय रचनेकडे पाहावे. राज्यव्यापी जाळ्यांच्या योजनेस मार्च २००५ मध्ये ३,३३४ कोटी रुपयांची मंजुरी मिळाली, ती पाच वर्षांसाठी. प्रकल्प या कल्पनेत आरंभ आणि शेवट अभिप्रेत असतो. जाळ्याला मात्र शेवट नसतो. सहाव्या वर्षी राउटर जुने होतात, देखभालीचा करार संपतो, कंत्राटदाराची माणसे निघून जातात आणि तो खर्च कोणत्या लेखाशीर्षातून करावा याबद्दल पत्रव्यवहार सुरू होतो. शासकीय संगणकीकरणाचा इतिहास लिहिणाऱ्याने पहिल्या वर्षाच्या भाषणांपेक्षा सहाव्या वर्षाच्या टिप्पण्या वाचल्या पाहिजेत, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

यासंदर्भात वारणेचे उदाहरण बोलके आहे. १९९८ साली कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सत्तर गावांत ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्पाची घोषणा झाली. इंटरनेट, शेतीविषयक सल्ला, बाजारभाव, शिक्षण असे अनेक हेतू त्यामागे होते. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या अभ्यासकांनी पाहणी केली तेव्हा गावातील संगणकांचा उपयोग मुख्यतः साखर कारखान्याशी संबंधित माहितीपुरता, म्हणजे ऊस किती गेला, खताचे काय झाले एवढ्यापुरता उरलेला होता. त्यांनी सात गावांत संगणकाच्या जागी साधा भ्रमणध्वनी व लघुसंदेश वापरून तेच काम करून दाखवले. शेतकऱ्याची सोय कमी झाली नाही आणि खर्च उतरला. या प्रयोगाकडे अपयश म्हणून पाहू नये. जे चालते ते ओळखून त्याला साधी यंत्रणा देणे, हा परिचालनाचा उत्तम विचार आहे. परंतु मोठ्या यंत्राच्या जागी लहान यंत्र बसवणाऱ्या प्रयोगाचा समारंभ होत नाही, म्हणून तो आपल्या पाठ्यपुस्तकांत मूळ प्रकल्पाइतका आला नाही.

२१ जून २०१२ रोजी मंत्रालयाच्या चौथ्या मजल्यावर आग लागली. पाच जणांचा मृत्यू झाला आणि अनेक खात्यांच्या फाइली भस्मसात झाल्या. त्या दिवसापर्यंत कागदपत्रांचे स्कॅनिंग आणि प्रतींचे जतन हे विषय दुय्यम होते. त्यानंतर ई-ऑफिसला गती आली. अग्रक्रम बदलतात ते कधी धोरणाने आणि कधी दुर्घटनेने. दुर्घटनेने बदललेला अग्रक्रम परिचालनाच्या बाजूचा असतो, एवढेच येथे नोंदवावे.

चावडीवर वाचलेला डेटाबेस

साठा म्हणून केलेल्या संगणकीकरणाचे खरे मूल्यमापन ई-फेरफार प्रणाली आली तेव्हा झाले. केंद्राची भूमी अभिलेख आधुनिकीकरण योजना २००८ साली सुरू झाली होती व २०१६ पासून ती डिजिटल इंडिया या नावाखाली पुनर्रचित झाली. महाराष्ट्रात दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदला की त्याची माहिती संगणकाद्वारेच महसूल यंत्रणेकडे जावी, तलाठ्याने फेरफार तयार करावा आणि मंडळ अधिकाऱ्याने तो प्रणालीतच प्रमाणित करावा, अशी ही रचना आहे. कल्पना उत्तम आहे. परंतु प्रवाह संगणकावर आणताच साठ्यातील दोष उघडे पडले. हस्तलिखित सातबाऱ्यावरील क्षेत्र एक आणि संगणकातील दुसरे, खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज एकूण क्षेत्राशी जुळत नाही, नावे गळलेली, इतर हक्कातील बोजा भलत्या गटावर. प्रत्येक नवा फेरफार या दोषांवर येऊन अडखळू लागला, कारण हाताने लिहिताना माणूस जी विसंगती डोळ्याआड करतो ती यंत्र करत नाही.

शासनाने यावर जो उपाय योजला तो या संपूर्ण इतिहासातील सर्वांत शहाणपणाचा उपाय होता, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. नोंदी संपादित करण्याची सुविधा प्रणालीत देण्यात आली आणि २०१७ साली गावोगावी ‘चावडी वाचन’ घेण्यात आले. संगणकातील सातबारा गावात मोठ्याने वाचायचा, खातेदारांनी ऐकायचा, चूक असल्यास सांगायची, आणि मग ती दुरुस्त करायची. सर्व्हरमधील कोष्टके चावडीवर वाचून तपासली गेली! डेटाची गुणवत्ता तपासण्याच्या आधुनिक पद्धतींवर ग्रंथ लिहिले जातात. येथे वापरलेली पद्धत गावकीच्या जुन्या व्यवहारातली होती. तिला ना परवाना लागला ना निविदा.

त्यातही एक अडचण होती. लेखनप्रमाद दुरुस्त करण्याचा अधिकार कलम १५५ खाली आहे व त्याची कार्यपद्धती ठरलेली आहे. संगणकात भरताना झालेली चूक ही खातेदाराची नसते, पण ती दुरुस्त करून घेण्यासाठी अर्ज त्यालाच करावा लागतो. प्रस्तुत लेखकाने आपल्या परिसरातील एका तहसील कार्यालयात अशा अर्जासह बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांशी संभाषण केले. त्यांच्या क्षेत्रातील दशांश चिन्ह एक घर सरकले होते. ‘जमीन तिथंच आहे, टिंब हललं,’ एवढेच ते म्हणाले. भिंतीवर सर्व्हर बंद असल्याची सूचना होती आणि ती छापील होती, हाताने लिहिलेली नव्हती.

या साऱ्या व्यवहारात तलाठ्याची भूमिका काय झाली, हा संशोधनाचा दुर्लक्षित विषय आहे. लॅपटॉप, डिजिटल स्वाक्षरीचा टोकन, जोडणीसाठी डेटा कार्ड या साधनांसह तो प्रत्यक्षात या प्रणालीचा चालक झाला. दिवसा गर्दीमुळे संथ झालेली प्रणाली रात्री वेगाने चालते, म्हणून फेरफाराचे काम रात्री करणारे तलाठी आपल्यापैकी अनेकांच्या नात्यात वा ओळखीत असतील. पदाच्या कर्तव्यसूचीत पंचनामा, वसुली, निवडणूक, नैसर्गिक आपत्तीचे पाहणी अहवाल हे पूर्वीचे सारे तसेच राहिले आणि परिचालन त्यात मिळवले गेले. २०२४ साली या पदाचे नाव बदलून ‘ग्राम महसूल अधिकारी’ करण्यात आले. नाव बदलणे हाही एक सोपा अग्रक्रम असतो.

नमुना बाराचे परिचालन याच्याही पुढे गेले. १५ ऑगस्ट २०२१ पासून ‘ई-पीक पाहणी’ ॲपद्वारे शेतकऱ्याने स्वतःच आपल्या पिकाची नोंद करावी, असे ठरले. यात शेतकऱ्याचा सहभाग आहे, पारदर्शकता आहे, हे खरे. परंतु शेतात जोडणी नसेल, भ्रमणध्वनी जुना असेल किंवा हंगामाच्या शेवटच्या दिवसांत ॲप संथ झाले असेल तर नोंद राहून जाते, आणि नोंद नसेल तर अनुदान व विमा यांत अडचण येते. पुढे उरलेल्या क्षेत्रासाठी गावपातळीवर सहायक नेमावे लागले. परिचालनाचा खर्च नाहीसा होत नाही. तो शासनाने सोसला नाही तर खाली सरकतो आणि शेवटी बांधावर येऊन थांबतो.

दोन कर्जमाफ्या

अग्रक्रम आणि परिचालन यांतील अंतर किती महाग पडते, याचे उदाहरण २०१७ सालच्या कर्जमाफीने दिले. जून २०१७ मध्ये ३४,०२२ कोटी रुपयांची योजना जाहीर झाली. मर्यादा दीड लाख रुपयांची होती. अर्ज ‘आपले सरकार’ पोर्टलवर ऑनलाइन भरायचे होते. त्यासाठी शेतकऱ्यांनी सेवा केंद्रांसमोर रांगा लावल्या. दिवाळीत, १८ ऑक्टोबर रोजी समारंभपूर्वक प्रमाणपत्रे देण्यात आली. त्यानंतर बँकांच्या याद्या, अर्जांतील माहिती आणि आधार क्रमांक यांचा मेळ बसेना व रक्कम खात्यांत पोहोचण्यास विलंब झाला. पोर्टल हा त्या वर्षीचा अग्रक्रम होता. बँकांच्या शाखांतील कर्जखात्यांची माहिती एकसारखी नव्हती, हे आधीपासूनचे वास्तव होते. पोर्टलने ते फक्त एका दिवशी सर्वांसमोर आणले.

डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर झालेल्या दुसऱ्या कर्जमुक्ती योजनेत अर्जच ठेवला गेला नाही. बँकांनी याद्या द्यायच्या, त्या प्रसिद्ध करायच्या आणि शेतकऱ्याने केवळ आधार प्रमाणीकरण करून रक्कम मान्य असल्याचे सांगायचे. पहिली यादी फेब्रुवारी २०२० मध्ये लागली. योजनांच्या राजकीय गुणदोषांत येथे शिरावयाचे नाही. मात्र दोन्हींची तुलना केली असता असे दिसते की, शासनयंत्रणा परिचालनातून शिकू शकते व शिकतेही. दुर्दैवाने हे शिकणे कोठेही लिहून ठेवले जात नाही. ते त्या वेळच्या अधिकाऱ्यांच्या स्मरणात राहते आणि बदलीबरोबर जाते.

क्लाउड आणि सुरक्षा

केंद्राने ‘मेघराज’ हा शासकीय क्लाउड २०१४ साली आणला आणि महाराष्ट्राने जानेवारी २०१८ मध्ये सार्वजनिक क्लाउडचे धोरण जाहीर केले. यंत्रे विकत घेण्याऐवजी वापरावर पैसे द्यावेत, हा बदल परिचालनाच्या दृष्टीने स्वागतार्ह आहे, कारण येथे प्रथमच खर्च दरमहा दिसू लागतो. पण ज्या अर्थव्यवस्थापनास यंत्रखरेदीची सवय आहे त्यास मासिक देयक ही उधळपट्टी वाटते, ही बाब धोरणपत्रात येत नाही.

सुरक्षेचा अग्रक्रम सर्वांत उशिरा आला आणि तोही आघातामुळे. मार्च २०२१ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या प्रणालीवर खंडणीखोर हल्ला झाला. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे पाच सर्व्हर व सुमारे १.३ टेराबाइट माहिती हल्लेखोरांनी कूटबद्ध केली आणि देशातील अग्रगण्य रुग्णालय सुमारे दोन आठवडे कागदावर चालले. संसदेत दिलेल्या उत्तरात जाळ्याचे नीट विभाजन नसणे हे कारण सांगण्यात आले. त्याआधी, एप्रिल २०२२ मध्येच, सर्ट-इनने घटना सहा तासांत कळवण्याचे आणि प्रणालीच्या नोंदी १८० दिवस राखण्याचे निर्देश दिले होते. सुरक्षेच्या नावाने आज ज्या गोष्टी सांगितल्या जातात, म्हणजे प्रती वेगळ्या ठिकाणी ठेवा, सॉफ्टवेअर अद्ययावत करा, जाळ्याचे विभाग पाडा, कोण कधी आत आले याची नोंद ठेवा, त्या पाहिल्या की हे निव्वळ परिचालन आहे, हे ध्यानात येते. जे वर्षानुवर्षे घरकाम म्हणून मागे पडले होते, ते आता सुरक्षा या भारदस्त नावाने परत आले आहे. नावामुळे निधी मिळत असेल तर तक्रार करू नये.

एक प्रतिवाद

या विवेचनावर एक रास्त आक्षेप येऊ शकतो. देखभालीचा इतका आग्रह धरला तर शासन जुन्या यंत्रांतच अडकून पडेल. अमेरिकेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने मे २०१६ मध्ये दाखवून दिले की, २०१५ या वित्तीय वर्षात संघराज्य शासनाच्या माहिती तंत्रज्ञानावरील ८० अब्ज डॉलरहून अधिक खर्चापैकी सुमारे तीन चतुर्थांश भाग चालू प्रणाली जिवंत ठेवण्यावर गेला आणि संरक्षण खात्याच्या अण्वस्त्रविषयक एका यंत्रणेत आठ इंची फ्लॉपी वापरात होत्या. २०१९ मध्ये त्या बदलण्यात आल्या. तेथील चिंता देखभाल फार होते ही आहे. आपली चिंता नेमकी उलट आहे. दोन्ही टोकांचे मूळ एकच आहे : चालू प्रणालीचा खर्च ती उभारतानाच मोजला गेला नाही. तेथे तो साचत गेला, येथे तो नाकारला गेला.

दुसरा आक्षेप व्यावहारिक आहे व तो अधिक जड आहे. लोकशाहीत निधी मिळतो तो दिसणाऱ्या गोष्टींना. वर्ध्यातला प्रयोग, सेतू, पोर्टल ही दृश्य रूपे नसती तर सातबारा आजही केवळ दप्तरात राहिला असता. हे मान्यच केले पाहिजे. रिचर्ड हीक्स यांनी २००३ साली विकसनशील देशांतील ई-शासन प्रकल्पांपैकी ३५ टक्के पूर्णतः आणि ५० टक्के अंशतः अपयशी ठरतात असा अंदाज मांडला, तो येथे कितपत लागू करावा हा प्रश्नच आहे. सातबाऱ्याला अपयश म्हणता येणार नाही. २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा मिळू लागला, त्यासाठी पंधरा रुपये पडतात आणि तालुक्याला हेलपाटा पडत नाही, हे शेतकऱ्याच्या जीवनातील खरे सुख आहे. आक्षेप यशावर नाही. हे यश कोणाच्या अदृश्य श्रमावर उभे आहे आणि ते श्रम अंदाजपत्रकात का नाहीत, हा आक्षेप आहे.

उच्च शिक्षणक्षेत्राला हा विषय परका नाही. मुंबई विद्यापीठाने २०१७ साली सुमारे सतरा लाख उत्तरपत्रिकांचे संगणकाच्या पडद्यावर मूल्यांकन करण्याचा निर्णय परीक्षांच्या तोंडावर घेतला. ३१ जुलैची मुदत टळली, विद्यार्थ्यांचे पुढील प्रवेश अडले आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पद गमवावे लागले. पडद्यावरील मूल्यांकन ही पद्धत वाईट नव्हती. स्कॅन केलेली उत्तरपत्रिका योग्य प्राध्यापकापर्यंत पोहोचेल का आणि त्याला प्रशिक्षण कधी द्यायचे, याची तयारी निर्णयाच्या मागून धावत होती. आपल्यापैकी जे त्या उन्हाळ्यात पडद्यासमोर बसले होते त्यांना परिचालन हा शब्द समजावून सांगण्याची गरज नाही.

आजचा टप्पा

सध्याचा अग्रक्रम कृत्रिम बुद्धिमत्तेचा आहे. केंद्राने मार्च २०२४ मध्ये त्यासाठी दहा हजार कोटी रुपयांहून अधिक रकमेचे अभियान मंजूर केले. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला. या दोन्हींना अचूक नोंद लागते. पहिल्याला तीवरून निष्कर्ष काढायचे असतात आणि दुसऱ्याला तिची जबाबदारी निश्चित करायची असते.

आणि नोंदीची स्थिती काय आहे? बुलढाणा जिल्ह्यातील प्रयोगानंतर राज्य शासनाने एप्रिल २०२५ पासून ‘जिवंत सातबारा’ ही मोहीम हाती घेतली. मृत खातेदारांची नावे उताऱ्यावर तशीच राहिली होती. वारसांची नोंद करून ती बदलण्यासाठी गावोगावी चावडी वाचन करावे, मृतांच्या याद्या कराव्यात, वारसांकडून कागदपत्रे घ्यावीत, असा कार्यक्रम तलाठ्यांना दिला गेला. वर्ध्याच्या प्रयोगास त्या वर्षी छत्तीस वर्षे उलटून गेली होती. मोहिमेची मुदत काही आठवड्यांची होती. मुदत संपल्यानंतरही गावात माणसे मरतात आणि त्यांच्या वारसांना फेरफार करून घ्यावा लागतो. ते काम पुढच्या मोहिमेपर्यंत कोणत्या वेळापत्रकाने, कोणाकडून आणि कोणत्या लेखाशीर्षातून होते, हे एका तालुक्यापुरते जरी तपासले तरी पदव्युत्तर विद्यार्थ्याला प्रबंधास पुरेल एवढी सामग्री तहसील कार्यालयात उपलब्ध आहे. त्यासाठी ज्या दिवशी सर्व्हर चालू असेल त्या दिवशी जावे लागेल.